बोटावरचा एक थेंब आणि पट्टीवरचा आकडा



या वार्तापत्राच्या हितचिंतकांकडून हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. "आमच्या घरी रक्तातली साखर मोजायचे मशीन आहे. तसेच कोलेस्टेरॉल मोजायचेही मिळते म्हणे. पाड्यावरच्या बंधुभगिनींसाठी मंडळीतर्फे चारपाच मशीन आणि पट्ट्या पाठवल्या तर उपयोग होईल का?" प्रश्न प्रेमाने विचारलेला असतो आणि त्यामागे प्रार्थनाही असते. पण एका शब्दात होकार किंवा नकार देऊन भागत नाही. म्हणून हा लेख दोन वाचकांना समोर ठेवून लिहीत आहे: पट्टी पाठवणारे, आणि सातपुड्याच्या पाड्यावर ती पट्टी प्रत्यक्ष हातात धरणारे आमचे स्वयंसेवक, सेविका व आशाताई.

आधी पट्टी म्हणजे काय ते पाहू. दिसायला ती प्लॅस्टिकची एक चिंचोळी चकती. तिच्या टोकाला वाळवलेल्या रसायनाचा पातळ थर असतो आणि त्यात विकर, म्हणजे एन्झाइम, असते. विकराचा स्वभाव असा की ते ठरावीक पदार्थालाच हात लावते. साखरेच्या पट्टीतले विकर रक्तातल्या ग्लुकोजवर काम करते. त्या क्रियेतून अगदी बारीक विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि यंत्र तो मोजते. ग्लुकोज जास्त तर प्रवाह जास्त, आणि पडद्यावरचा आकडाही मोठा. कोलेस्टेरॉलच्या पट्टीत काम जरा लांबते. एक विकर कोलेस्टेरॉलला त्याला चिकटलेल्या चरबीच्या आम्लापासून सोडवते, दुसरे त्याच्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते, आणि तिसरे त्या पेरॉक्साइडच्या साहाय्याने पट्टीवर रंग आणते. यंत्र पट्टीवर प्रकाश टाकून तो रंग किती गडद झाला ते वाचते. हिमोग्लोबिन मुळातच लाल, त्यामुळे तिथे बहुतेक यंत्रे त्या लालीचाच हिशोब करतात.

ही कल्पना काही फार जुनी नाही. अमेरिकेत एम्स प्रयोगशाळेत काम करणारे हेलन आणि आल्फ्रेड फ्री हे दांपत्य; त्यांच्या संशोधनातून १९५६ साली लघवीतली साखर दाखवणारी बुडवायची पट्टी आली. त्याआधी लघवी रसायनात घालून तापवावी लागे. रक्तासाठीची पट्टी साठच्या दशकात निघाली आणि तिचा रंग वाचणारे यंत्र १९७० च्या सुमारास. सुरुवातीला ते दवाखान्यातच असे. आज तेच काम तळहाताएवढ्या यंत्रावर होते आणि ते यंत्र दुचाकीच्या डिक्कीत बसते. आमची अडचण नेमकी त्या डिक्कीपासून सुरू होते.

विकर हे प्रथिन आहे. ऊन, दमट हवा आणि काळ हे तिन्ही त्याचे शत्रू. साखरेच्या बहुतेक पट्ट्यांच्या डबीवर ३० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात ठेवा असे छापलेले असते. आता एप्रिल-मे महिन्यात धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या रस्त्याने दुपारी बाराला दुचाकी चालवणाऱ्याला विचारा, डिक्कीत किती तापते! घरी आणल्यावरही डबी पत्र्याच्या छपराखाली, खिडकीजवळच्या फळीवर राहते. पावसाळ्यात उलटे. पट्टीच्या डबीच्या झाकणात किंवा तळाशी ओलावा शोषणारी पूड असते, ती उगीच नसते. "पुढच्या माणसासाठी लागेलच" म्हणून डबी उघडी ठेवून वीस जणांची तपासणी केली, तर विसाव्या माणसाची पट्टी आणि पहिल्याची पट्टी एकसारखी राहिली असेलच असे सांगता येत नाही. एक पट्टी काढावी आणि लगेच झाकण टक्‌ आवाज येईपर्यंत दाबावे. डबी फोडली त्या दिवशीची तारीख तिच्यावर पेनाने लिहावी, कारण बऱ्याच पट्ट्या फोडल्यानंतर तीन ते सहा महिन्यांतच वापरायच्या असतात. छापील मुदत ही बंद डबीची असते.

खराब झालेली पट्टी आपण खराब झाल्याचे सांगत नाही. कधी यंत्र चूक दाखवते, पण पुष्कळदा ते निमूटपणे एक आकडा देते आणि तो आकडा खऱ्यासारखाच दिसतो. नीतिसूत्रांच्या पुस्तकात खोट्या तागडीविषयी फार कडक शब्द आहेत. ते व्यापाऱ्यासाठी लिहिले असले तरी डबी हातात घेताना मला त्यांची आठवण येते. यावर उपाय आहे. यंत्राच्या कंपनीचे तपासणी-द्रावण मिळते, त्याला कंट्रोल सोल्यूशन म्हणतात. रक्ताऐवजी त्याचा थेंब पट्टीवर द्यायचा आणि आलेला आकडा डबीवर छापलेल्या दोन आकड्यांच्या मध्ये बसतो का ते पाहायचे. नवी डबी फोडताना आणि दर शिबिराच्या सकाळी हे केलेच पाहिजे. यंत्र पाठवणाऱ्या देणगीदारांच्या यादीत ही बाटली सहसा नसते, म्हणून मुद्दाम लिहिले.

चांगल्या पट्टीचा आकडाही तंतोतंत नसतो. घरगुती साखर-यंत्रांसाठीचा आंतरराष्ट्रीय निकष २०१३ सालचा आहे. त्यानुसार साखर १०० किंवा जास्त असेल तेव्हा शंभरातल्या ९५ तपासण्या प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के इकडे-तिकडे आल्या तरी यंत्र पास. म्हणजे खरी साखर १३० असली तर पडद्यावर ११२ किंवा १४८ दिसू शकते, आणि यंत्र तरीही बिघडलेले नाही. यावरून एका वाचनावर कोणालाही "तुम्हाला शुगर झाली" असे का म्हणू नये ते ध्यानात येईल. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त ही मधुमेहाची सीमा आहे. पण ती प्रयोगशाळेच्या तपासणीने आणि लक्षणे नसतील तर दुसऱ्या तपासणीने पक्की करायची असते. पट्टी संशय दाखवते. निदान डॉक्टर करतात.

बोटाकडे वळू

पाड्यावर तपासणी करताना सर्वांत जास्त चुका यंत्रात नाही, बोटावर होतात. मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे पहाटेपासून मोहाची फुले वेचणे चालू असते. त्या फुलांत भरपूर साखर, आणि वेचणाऱ्याची बोटे चिकट. तसाच हात पुढे आला आणि त्यावरून थेंब घेतला, तर यंत्र रक्तातली साखर आणि बोटावरची साखर अशी बेरीज करून दाखवते. आंबा, गूळ, उसाचा रस, अगदी प्रसादाचा पेढा, सगळ्याला हेच लागू. स्पिरिटचा बोळा फिरवला म्हणजे चिकटपणा जातोच असे नाही. साबण आणि पाण्याने हात धुवायचे, पुसून पूर्ण कोरडे करायचे. स्पिरिट वापरले असेल तर ते उडून जाऊ द्यायचे, नाहीतर थेंब पसरतो आणि पातळही होतो. पाण्याची टंचाई असली तरी तपासणीच्या जागी एक हंडा आणि साबणाची वडी ठेवणे यंत्राइतकेच महत्त्वाचे आहे.

टोचायचे ते मधल्या किंवा अनामिकेच्या बोटाच्या बाजूला, टोकाच्या मधोमध नाही. तिथे दुखते फार आणि दुसऱ्या दिवशी विळा धरता येत नाही. कष्टाने बोटाची कातडी राठ झालेली असते, थेंब पटकन येत नाही, आणि मग सुरू होते बोट पिळणे. गाईचे दूध काढल्यासारखे बोट पिळले की रक्ताबरोबर ऊतींमधले पाणी बाहेर येते आणि हिमोग्लोबिन आहे त्यापेक्षा कमी दिसते. त्यापेक्षा हात कोमट पाण्यात बुडवा, खाली सोडून दोन मिनिटे हलवायला सांगा, आणि सुई थोडी खोल जाणारी घ्या. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाका, दुसरा घ्या. हिमोग्लोबिनसाठी तो थेंब आपोआप फुगला पाहिजे.

बोटाच्या रक्ताचा हा प्रश्न आपल्या पाड्यापुरताच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ती मोजणी बोटाच्या थेंबावर होती, आणि शिरेतले रक्त घेतले असते तर आकडा वेगळा आला असता का, यावर तज्ज्ञांत बराच वाद झाला आहे. वाद असो. आपल्या भगिनी अशक्त आहेत हे डोळ्यांना दिसतेच, फक्त कोण किती अशक्त आहे ते नीट मोजायला हवे.

आणि एक गोष्ट जिथे तडजोड नाही. एका माणसाला एक सुई. पेनासारखे टोचायचे यंत्र घरातल्या एकाच माणसासाठी असते. शिबिरात ते वापरायचे नाही, नुसती सुई बदलूनही नाही, कारण त्याच्या टोकाला लागलेले रक्त पुढच्या बोटाला लागते आणि कावीळ ब याच वाटेने पसरते. शिबिरासाठी एकदा टोचल्यावर आपोआप आत जाणाऱ्या सुया घ्याव्यात. वापरलेली सुई जाड, भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, आणि हे सगळे प्राथमिक आरोग्य केंद्राकडे परत. चुलीत नाही, ओढ्यातही नाही. पाड्यावरची मुले अनवाणी फिरतात.

आधी हिमोग्लोबिन, मग साखर

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो. शहरात मधुमेहाच्या तपासणीचे जे शिबीर भरते तेच जसेच्या तसे पाड्यावर नेले तर एक फसगत होते, आणि ती फारशा लोकांना माहीत नाही.

रक्तात तांबड्या पेशी असतात आणि त्यांच्या भोवती पाण्यासारखा द्रव. साखरेची पट्टी मोजते ती प्रामुख्याने द्रवातली साखर, तीही पेशींच्या गर्दीतून वाट काढत पट्टीच्या थरापर्यंत पोहोचलेली. ज्या भगिनीचे रक्त खूप कमी झालेले आहे तिच्या थेंबात पेशी विरळ आणि द्रव जास्त. साखर झपाट्याने थरापर्यंत पोहोचते, आणि यंत्र खऱ्यापेक्षा मोठा आकडा दाखवते. पेशी दाट असल्या तर उलट, आकडा कमी. अलीकडची चांगली यंत्रे याची दुरुस्ती करतात, पण ठरावीक मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा कागदावर हिमॅटोक्रिट या शब्दापुढे टक्क्यांत छापलेली असते. ढोबळ हिशोब असा की हिमोग्लोबिनच्या आकड्याला तिनाने गुणले की हिमॅटोक्रिट मिळते. हिमोग्लोबिन ७ असेल तर ते साधारण २१ टक्के होते, आणि पुष्कळ यंत्रांची मर्यादा ३० च्या आसपास सुरू होते. म्हणजे त्या भगिनीच्या बाबतीत साखरेचा आकडा वाचूच नये.

याचा अर्थ विचारात घ्या. रक्तक्षयाने थकलेली एक बाई शिबिरात येते. यंत्र साखर जास्त दाखवते. तिला सांगितले जाते, भात कमी कर, गूळ सोड. जिच्या ताटात मुळातच कमी आहे तिचे ताट आणखी रिकामे होते, आणि थकव्याचे खरे कारण तसेच राहते. म्हणून आमच्या स्वयंसेवकांसाठी क्रम ठरलेला असावा: आधी हिमोग्लोबिन, मग साखर. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर साखर पट्टीवर तपासण्यापेक्षा त्या व्यक्तीला आरोग्य केंद्रातच न्यावे.

तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी नावाची तपासणी आहे, तिचीही यंत्रे आता सुटसुटीत झाली आहेत. शहरात ती फार उपयोगी. आमच्या भागात तिच्यावर विसंबण्याआधी दहादा विचार करावा. ती तपासणी तांबड्या पेशी नेहमीइतके दिवस, म्हणजे सुमारे १२० दिवस, जगतात असे धरून चालते. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी त्याच्या कितीतरी आधी फुटतात, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. लोहाच्या कमतरतेत तो बऱ्याचदा खोटा जास्त येतो. भिल्ल, पावरा आणि गोंड समाजांत सिकलसेल पुष्कळ आहे हे आपण जाणतोच.

हिमोग्लोबिनच्या आकड्याचे पुढे काय करायचे ते आपल्या हाती आहे, म्हणून ती पट्टी मला सर्वांत मोलाची वाटते. गर्भवती भगिनीत ११ च्या खाली, इतर स्त्रियांत १२ च्या खाली आणि पुरुषांत १३ च्या खाली असेल तर रक्तक्षय. गर्भवतीचे ७ च्या खाली गेले तर तो तीव्र. त्याच दिवशी रुग्णालय. २०१८ पासूनच्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात गर्भवतीला लोह-फॉलिकची रोज एक गोळी किमान १८० दिवस मिळते, आणि रक्तक्षय असेल तर डॉक्टर रोज दोन देतात. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घेतलेली चांगली. शौच काळी होते, त्याने घाबरून पुष्कळ जणी गोळ्या छपरात खोचून ठेवतात. ते आधीच सांगून टाकावे. महिनाभर गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन एका ग्रॅमनेही वाढले नाही, तर नुसत्या गोळ्या वाढवत राहू नका. सिकलसेल किंवा दुसरे कारण असू शकते. डॉक्टरांकडे पाठवा.

सिकलसेलसाठी आशाताईंच्या स्तरावर जी द्रावणाची तपासणी होते ती गढूळ झाली म्हणजे रोग ठरला असे नाही. ती वाहक आणि रुग्ण यांतला फरक सांगत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या बाबतीत तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि नुकतेच रक्त दिलेल्या माणसाच्या बाबतीतही नाही. पुढची पक्की तपासणी लागतेच. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे त्याचे उद्दिष्ट आहे, त्यामुळे ती तपासणी सरकारी यंत्रणेतून मोफत होते. तिथे आपण वेगळ्या पट्ट्या विकत घेण्यापेक्षा लोकांना केंद्रापर्यंत नेणे आणि निकाल परत आणणे हे काम अंगावर घ्यावे.

साखर कमी असते तेव्हा

साखरेची पट्टी म्हटले की सगळ्यांच्या मनात मधुमेह येतो. पाड्यावर तिचा दुसरा उपयोग आहे आणि माझ्या मते तो मोठा आहे. तीव्र कुपोषित बालक सुस्त पडले आहे, अंग गार आहे, दूध ओढत नाही. अशा वेळी साखर ५४ च्या खाली गेलेली असू शकते, आणि ती काही तासांत जीव घेऊ शकते. मूल शुद्धीत असेल व गिळत असेल तर सुमारे ५० मिलिलिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, म्हणजे साडेतीन मोठे चमचे पाण्यात, शीग भरून एक चहाचा चमचा साखर विरघळवून थोडी थोडी पाजावी, मुलाला आईच्या छातीशी धरून गोधडीत गुंडाळावे, आणि लगेच रुग्णालयाकडे निघावे. वाटेतही पाजणे चालू ठेवावे. यंत्र हाताशी नसेल तर यंत्रासाठी थांबू नये. असे बालक साखर कमी झालेलेच समजून वागावे, असाच वैद्यकीय नियम आहे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात मात्र काही घालू नये.

आणि कोलेस्टेरॉल?

आता देणगीदारांच्या मूळ प्रश्नाकडे. कोलेस्टेरॉल आदिवासींना होत नाही असे मी मुळीच म्हणत नाही. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने २०१८ साली आदिवासी आरोग्याचा अहवाल दिला, त्यात तिहेरी ओझ्याची गोष्ट आहे: एकीकडे कुपोषण आणि मलेरिया-क्षयासारखे आजार, दुसरीकडे रक्तदाब-मधुमेहासारखे नवे आजार, तिसरीकडे व्यसन आणि मानसिक आजार. पाड्यावरच्या दुकानात पामतेलाच्या पुड्या आणि कुरकुरीत पाकिटे पोहोचली आहेत. रक्तदाबाचे रुग्ण आम्हाला दर शिबिरात भेटतात.

पण स्वस्तातली कोलेस्टेरॉलची पट्टी बहुधा एकूण कोलेस्टेरॉल एवढेच सांगते. २०० च्या खाली चांगले, २४० च्या वर जास्त. आपल्या देशातले दुखणे निराळे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, महाराष्ट्रासह चार भागांत झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एकूण कोलेस्टेरॉल जास्त असलेले १३.९ टक्के निघाले, पण ज्याला चांगले कोलेस्टेरॉल म्हणतात ते एचडीएल कमी असलेले ७२.३ टक्के! ट्रायग्लिसराइड जास्त असलेले २९.५ टक्के. म्हणजे एकट्या एकूण कोलेस्टेरॉलची पट्टी पुष्कळांना "सर्व ठीक" असे सांगून घरी पाठवील. चारही आकडे देणारी पट्टी मिळते, ती साखरेच्या पट्टीच्या कित्येक पट महाग, आणि ट्रायग्लिसराइड नीट मोजायचे तर माणूस रात्रभर उपाशी हवा. तीन डोंगर उतरून येणाऱ्याला उपाशी बोलावणे मला पटत नाही.

शिवाय ती न मोजताही काम अडत नाही. हृदयविकाराचा धोका किती हे पाहण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली नवे तक्ते काढले, त्यांत एक तक्ता रक्त न तपासताच वापरायचा आहे. त्याला वय, स्त्री की पुरुष, तंबाखू ओढतो का, वरचा रक्तदाब, आणि उंची-वजनाचे प्रमाण एवढेच लागते. सरकारच्या कार्यक्रमात ३० वर्षांवरील प्रत्येकाचा अर्ज आशाताई भरतात आणि रक्तदाब व साखर तपासली जाते. तिथेही पाड्याच्या पातळीवर कोलेस्टेरॉल नाही. तेव्हा ज्यांना कोलेस्टेरॉलचे मशीन पाठवायचे मनात आहे, त्यांना माझी विनंती अशी की त्याच पैशात रक्तदाब मोजायची दोन चांगली यंत्रे पाठवा, आणि लहान-मोठ्या दंडाचे पट्टेही. आमच्या लोकांचे दंड बारीक असतात. मोठा पट्टा बांधला की रक्तदाब खोटा कमी दिसतो. ज्याला रक्तदाब किंवा मधुमेह आहे त्याचे कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा ग्रामीण रुग्णालयात तपासता येते.

यंत्र ही एकदाची भेट, पट्ट्या हा कायमचा खर्च. लूकच्या शुभवर्तमानात बुरूज बांधायला निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाचा हिशोब करावा असे प्रभू सांगतो, ते इथे शब्दशः लागू पडते. प्रत्येक कंपनीच्या यंत्राला तिचीच पट्टी चालते. चार मंडळ्यांनी चार कंपन्यांची यंत्रे पाठवली की एकाची पट्टी संपलेली आणि दुसऱ्याची मुदत टळलेली, अशी कपाटात गर्दी होते. एकदा मोठे खोके आले, त्यातल्या पट्ट्यांची मुदत संपायला सहा आठवडे उरले होते, आणि पावसाने घाट बंद होता. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. म्हणून पाठवण्याआधी फोन करा, कोणत्या यंत्राची पट्टी चालते ते विचारा, आणि मुदत किमान वर्षभराची पाहा.

शेवटी, आकडा आल्यावर तो कुठे जातो याचे बोलू. दिवाळीनंतर आमच्या भागातली निम्मी घरे गुजरातेत ऊसतोडीला जातात ती होळीच्या, भोंगऱ्याच्या सुमाराला परततात. ऑक्टोबरात ज्याची साखर जास्त निघाली तो डिसेंबरात कुठल्या फडावर असेल ते आपल्याला ठाऊक नसते. म्हणून तपासणी पावसाळा संपताच करावी, निघण्याआधी पक्की तपासणी आणि गोळ्या हातात पडाव्यात, आणि आकडा, तारीख व औषधाचे नाव लिहिलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याच्याजवळ द्यावा. शिबिराच्या वहीत नाव आणि आकडा या दोन रकान्यांपुढे तिसरा रकाना हवा: पुढे काय झाले. तो रकाना भरला जाणार नसेल तर बोट टोचू नये, एवढे माझे स्पष्ट मत आहे. आकडा मोठ्याने ओरडून सांगू नये, हेही त्यातच आले. सिकलसेलची वाहक म्हणून नाव फुटले की मुलीचे लग्न अडते. निकाल बाजूला घेऊन, तिच्या भाषेत, तिलाच सांगावा.

एक छोटा प्रश्न राहिला, जो सेविका नेहमी विचारतात: लघवीच्या पट्ट्या अजून वापराव्यात का? जरूर. त्या स्वस्त आहेत, सुई लागत नाही, आणि गर्भवतींसाठी त्यांचे मोल फार आहे. पाचव्या महिन्यानंतर पट्टीवर प्रथिने दिसली आणि रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून जास्त निघाला, किंवा डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते अशी तक्रार असली, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन लावावा.